पुडीवर नाव हवं

नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. शिक्षण नगर शहरात झालं, दवाखाना अकोले तालुक्यात. सरकारनं आयुर्वेदाला काय काय द्यावं यावर आम्हा वैद्यमंडळींत पटकन एकमत होतं. सरकारनं आयुर्वेदावर किती लक्ष ठेवावं हा विषय निघाला की मात्र चेहरे पडतात. माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. आयुर्वेदाची अब्रू राखायची असेल तर तपासणी, नोंदणी आणि कायद्याची अंमलबजावणी यांची मागणी आपणच पुढे होऊन केली पाहिजे. हे मत कशावरून बनलं, ते सांगते.

१. नाव नसलेली पुडी औषध धरू नये.

राजूरच्या बाजूची एक आजी सुनेला घेऊन आली. कनवटीला खोचलेली कागदाची पुडी काढून तिनं टेबलावर ठेवली. आत तपकिरी भुकटी, थोडा ओव्याचा वास. "डॉक्टरीणबाई, गुडघे धरले होते. ही घेतली अन् दोन दिसांत चालाया लागले. आता माणूस येईना झालाय बाजारात, तुम्हीच अशी द्या." आजीचा चेहरा गोल गरगरीत झाला होता, गाल फुगलेले, हातपाय मात्र काटकुळे. दंडावर जागोजागी काळेनिळे डाग. रक्तातली साखर तपासली तर भरपूर वाढलेली. संधिवातासाठी बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या अशा भुकटीत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे खेड्यात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. आजीच्या अंगावर त्याची सगळी लक्षणं होती.

"फेकून द्या ती पुडी" असं म्हणून भागत नाही. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं, आणि ते एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. म्हणून चिठ्ठी आणि पुडी देऊन तिला फिजिशियनकडे पाठवलं, त्यांनी हळूहळू मात्रा उतरवत नेली. गावात चर्चा मात्र एवढीच झाली की आजीला आयुर्वेदिक औषध बाधलं.

आयुर्वेदिक औषधांना कायदा लागू नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीनं आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. विक्रीसाठी औषध बनवायचं तर परवाना लागतो, आणि आपल्या राज्यात त्यावर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते. भेसळ आणि बनावट औषध हे गुन्हे आहेत. विकणाऱ्या दुकानाला मात्र ॲलोपॅथीच्या औषधांसारखा विक्री परवाना लागत नाही. म्हणून आयुर्वेदिक औषध किराणा दुकानातही मिळतं आणि बाजारातल्या गोणपाटावरही.

आणखी एक सवलत आहे आणि ती आम्हा वैद्यांसाठी आहे. स्वतःच्या रुग्णापुरतं औषध वैद्यानं स्वतः बनवलं तर त्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही. ही सवलत राहिलीच पाहिजे, तिच्यावर आमची परंपरा उभी आहे. पण ती विश्वासानं दिलेली आहे. माझ्या दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर घटकद्रव्यं, मात्रा, बनवल्याची तारीख आणि रुग्णाचं नाव लिहिलेलं असतं. "कशाला एवढं लिहीत बसता?" असं मला सहकारीही विचारतात. उद्या हा रुग्ण रात्री दुसऱ्या डॉक्टरसमोर गेला तर त्या डॉक्टरला ते वाचता यावं म्हणून.

२. मुदत ही परकी कल्पना नाही.

आयुर्वेदिक औषधाला कसली एक्स्पायरी, असं म्हणणाऱ्यांनी शार्ङ्गधर संहिता उघडावी. चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांनी घटतं, गुटी-अवलेहांचं वर्षानं, आणि आसव, भस्म, रसकल्प जुने होतील तसे गुणवान होतात, असं तिथे सांगितलं आहे. आज कायद्यानं प्रत्येक औषधप्रकाराला वेगवेगळी मुदत ठरवून दिली आहे, त्याचा गाभा हाच. बाटली घेताना परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी आणि मुदत या चार गोष्टी पाहा. कायद्यानं विषारी ठरवलेलं द्रव्य, जसं बचनाग किंवा कुचला, औषधात असेल तर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचनाही छापलेली असावी लागते. मी रुग्णाच्या घरातल्या शाळकरी पोरांना हे वाचायला बसवते. ती मोठ्या माणसांपेक्षा काटेकोर असतात.

३. संस्था आधी माणसांनी उभ्या केल्या, सरकार मागून आलं.

वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा सरकार परकं होतं. त्यांच्या नावाचं ते महाविद्यालय आजही शहरात आहे. त्यांनी औषधिगुणधर्मशास्त्र लिहिलं, औषधनिर्मितीही उभी केली. शिक्षण, ग्रंथ आणि औषध ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या हातून झाली, म्हणून तिन्हींचा एकमेकांशी सांधा होता. त्या तोडीचं काम आज एखाद्या सरकारी योजनेतून झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या मनाला लागतं.

मग १९३८ चा मुंबई प्रांताचा कायदा आला आणि वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली. १९६१ चा महाराष्ट्राचा कायदा, १९७० चा केंद्राचा, आणि २०२० च्या कायद्यानं जुन्या केंद्रीय परिषदेच्या जागी आलेला राष्ट्रीय आयोग. दिल्लीत १९९५ मध्ये वेगळा विभाग झाला, २००३ मध्ये त्याला आयुष हे नाव मिळालं, २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय. या सगळ्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे. माझी पदवी, माझा नोंदणी क्रमांक, लोकांनी मला डॉक्टर म्हणणं, सगळं त्यातूनच आलं.

४. भिंतीवरचं प्रमाणपत्र विचारायला लाजू नका.

महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर असावं. रुग्णानं ते वाचलं तर मला आनंद होतो. गावात कुणी बिननोंदणीचा "डॉक्टर" बसला असेल तर जिल्ह्यात आणि तालुक्यात बोगस डॉक्टर शोध समिती असते, तिच्याकडे तक्रार करता येते. लोक करत नाहीत, कारण तो माणूस रात्री-अपरात्री दार उघडतो. त्याच गावात नोंदणीकृत माणूस रात्री सापडत नसेल तर नुसत्या समितीनं काय होणार?

याला जोडून एक गोष्ट बोलायलाच हवी. महाराष्ट्रात १०८ च्या रुग्णवाहिकेत बसणारे डॉक्टर बहुतेक बीएएमएस. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात आयुष डॉक्टर. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून पुन्हा आमचीच मुलं-मुली, सहा महिन्यांचा कोर्स करून. डोंगरातल्या वाडीपर्यंत सरकारी आरोग्यसेवा पोचते ती यांच्या पायांनी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण या कामात ती मुलं आयुर्वेद किती वापरतात? जवळजवळ नाहीच. सरकारनं आयुर्वेदाच्या डॉक्टरला काम दिलं, ते चांगलं झालं. ते आयुर्वेदाला दिलेलं बळ म्हणून मोजू नये. आयुर्वेदाच्या पदवीधरानं आधुनिक औषधं लिहावीत का, हा वाद तर कोर्टापर्यंत जाऊन आला आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये ती बाब राज्याच्या कायद्यावर सोडली आणि महाराष्ट्रानं नोंदणीकृत वैद्यांना मुभा दिलेली आहे. मुभा आहे म्हणून शिक्षण पुरेसं आहे असं होत नाही. जे औषध मला नीट कळत नाही ते मी लिहीत नाही.

५. "याला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य बंद करा.

कोविडच्या काळात आमच्याकडे बांधावरची, कुंपणावरची गुळवेल ओरबाडली गेली. सकाळ-संध्याकाळ काढा, प्रमाण कुणालाच ठाऊक नाही. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. दोन्ही बाजूंनी बोललं गेलं आणि विषय मागे पडला. माझ्या मते मंत्रालयाचा मुद्दाच सर्वांत महत्त्वाचा होता, आणि तो आपल्या अंगावर येतो. ओळख न पटलेली वेल लोकांच्या पोटात गेली असेल, तर ओळख पटवण्याची व्यवस्था कुठे होती? आता मी गुळवेलीचा तुकडा आणायला सांगते, पान हृदयाच्या आकाराचं आहे का, आडवा छेद दिला की चक्र दिसतं का ते पाहते, आणि शंका असेल तर घेऊ नका म्हणते. आधीपासून यकृताचा किंवा आमवातासारखा आजार असेल तर तपासण्या केल्याशिवाय देत नाही.

औषध बाधल्याचा संशय आला तर त्याची नोंद कळवायची सोय आयुष औषधांसाठी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातून ते काम चालतं. किती वैद्य तो फॉर्म भरतात? तो भरल्यानं आयुर्वेदाची बदनामी होते असं ज्यांना वाटतं त्यांनी ॲलोपॅथीच्या औषधांच्या माहितीपत्रकावरची दुष्परिणामांची यादी पाहावी. ती यादी छापली म्हणून कुणी ते औषध टाकून दिलेलं नाही.

६. भस्मावर प्रश्न आला की रागावू नये.

२००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आपल्याकडे त्याची संभावना कटकारस्थान म्हणून झाली. पण वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षा आपल्याच आचार्यांनी घालून दिल्या. भस्म न तपासता देऊ नये हा त्यांचा दंडक होता. निर्यातीच्या वनस्पतीज औषधांना जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची झाली. माझ्या अकोल्यातल्या रुग्णालाही परदेशातल्या गिऱ्हाइकाइतकीच काळजी मिळाली पाहिजे.

७. मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्याची जाहिरात हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याची जाहिरातच मना केली आहे. २०१८ मध्ये जाहिरातीआधी मंजुरी घेण्याचा नियम आला, तो २०२४ मध्ये वगळला गेला, सर्वोच्च न्यायालयानं त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना स्थगितीही उठली. माझं मत विचाराल तर मंजुरीचा नियम हवा होता. इन्सुलिन सोडून चूर्ण सुरू केलेला माणूस तालुक्याच्या दवाखान्यात कसा येतो ते मी पाहिलेलं आहे.

८. फीत कापून झाल्यावर तीन गोष्टी विचारा.

२६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान शिर्डीला आले, तेव्हा नगरच्या सिव्हिलमधल्या आयुष रुग्णालयाचंही उद्घाटन झालं. गरीब माणसाला पंचकर्म सरकारी छपराखाली मिळावं ही माझी जुनी इच्छा. अशा कुठल्याही ठिकाणी गेलात तर विचारा: औषधं शेवटची कधी आली? अभ्यंग-स्वेदन करणारे परिचारक किती आहेत? मंजूर पदांपैकी भरलेली किती? माहिती अधिकारातही हे विचारता येतं.

९. आधार झाडापासून सुरू झाला पाहिजे.

हे मी सर्वांत शेवटी लिहिते आहे, पण माझ्या लेखी वजन याचंच जास्त आहे. अकोल्याच्या पश्चिमेला, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या अंगाला हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात महादेव कोळी, ठाकर बायका बाळहिरडा गोळा करतात. झाडावर चढून फांदी हलवायची, खालचं वेचायचं, मग अंगणात पसरून वाळवायचं. हिरवं कोवळं फळ आकसून काळं, सुरकुतलेलं होतं, खणखणीत वाजायला लागलं की झालं. वळवाचा एक पाऊस आला की बुरशी धरते आणि भाव पडतो. मी त्याच बाळहिरड्याची एरंडेलात परतलेली पूड मलावरोधाला देते. माझ्या पुडीची किंमत आणि हिरडा वेचणाऱ्या बाईला मिळालेला किलोचा भाव शेजारी ठेवले की मला अस्वस्थ वाटतं.

आदिवासी विकास महामंडळानं हिरड्याची खरेदी करावी ही मागणी इथे आणि जुन्नर-आंबेगावात जुनी आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्यानं गौण वनोपजावर गावाची मालकी मानली. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यानं वनस्पती वापरणाऱ्यानं लाभाचा वाटा द्यावा असं म्हटलं, आणि २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं देशी कंपनीलाही तो द्यावा लागेल असा निकाल दिला. २०२३ च्या दुरुस्तीनं नोंदणीकृत वैद्यांना सूट मिळाली, ती रास्त आहे. पण ग्रंथोक्त ज्ञान वापरणाऱ्यांनाही सूट मिळाली. त्रिफळा ग्रंथोक्त, हरीतकी ग्रंथोक्त. मग हिरडा वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला त्या कायद्यातून काय उरलं? आयुर्वेदाच्या नावानं होणाऱ्या कुठल्याही परिषदेत हा प्रश्न मला पहिल्या सत्रात हवा आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती नोंदवही कपाटाबाहेर काढून ग्रामसभेत वाचायला लावा, असं मी आमच्या भागातल्या बायकांना सांगत असते. कुठली वनस्पती कुठे आहे, ती कोण वेचतं, किती जाते, कुणाला जाते, वजन कुणाच्या काट्यावर होतं, एवढं त्यात लिहून घ्या. एका वाडीनं गेल्या उन्हाळ्यात स्वतःचा काटा घेतला. व्यापारी आला तेव्हा माल आधी त्यांच्या काट्यावर चढला, मग त्याच्या.