शिट्टी वाजवा, काठी आवरा

वाचक मंडळी, आज आपण पोलिसांच्या एका सभेची हकिकत वाचू. सभा आमच्या गावात झाली. आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे. शेताला पाणी नीरा डाव्या कालव्याचे आणि बाजार बारामतीचा. त्यामुळे बारामतीत जे बोलले जाते ते दुसऱ्या दिवशी आमच्या पारावर येते. खरे येते, तसे खोटेही येते.

गोष्ट २०२४ सालच्या पावसाळ्याची. त्या जून-जुलैत बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या भागांत रात्री आकाशात लाल-हिरवे दिवे फिरताना लोकांना दिसू लागले. ती ड्रोन होती, म्हणजे माणसाशिवाय उडणारी लहान विमाने. कोण उडवतो, कशासाठी, काही कळेना. मग बोलणे सुरू झाले. "चोर वरून घरं बघत्यात. आज बघायचं, उद्या फोडायचं." मोबाइलवर निरोप येऊ लागले. एकाने दहांना पाठवला, दहांनी शंभरांना. आठ दिवसांत सारा गाव काठ्या घेऊन जागू लागला.

जागण्यात वाईट काही नाही. पण भ्यालेला माणूस जागा असला तरी त्याला नीट दिसत नाही. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

एका रात्री अकराच्या सुमारास देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही कंदील घेऊन गेलो, कारण वीज गेली होती. पोरांनी एका माणसाला धरून आणले होते. मळका सदरा, पाय चिखलाने भरलेले. त्याला मराठी येत नव्हते. पोरे विचारीत ते त्याला कळेना, तो बोले ते पोरांना कळेना.

"नाव सांगंना, म्हंजी चोरच!" एक जण म्हणाला. दुसऱ्याने काठी उगारली.

आम्ही छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. त्या पोरांतली निम्मी आमच्या हाताखालून गेलेली. पण खरे सांगतो, त्या घटकेला आम्ही पुढे झालो नाही. मनात आले, असेलही चोर. आमच्याही घरी सून आणि नातवंडे झोपली होती.

पुढे झाल्या त्या आमच्या पोलीस पाटील ताई. गर्दीत शिरून त्या म्हणाल्या, "काठी खाली घे आधी. एक फटका बसला तर उद्या कागदावर तुझंच नाव लागंल." मग त्यांनी ११२ ला फोन लावला. त्या माणसाला पायरीवर बसवले, तांब्याभर पाणी दिले. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही नुसतं काय बघताय? त्याच्याशी हिंदीत बोला की!"

आम्हांला लाज वाटली. आम्ही मोडक्या हिंदीत विचारले, त्याने त्याहून मोडक्या हिंदीत सांगितले. तो रस्त्याच्या कामावरचा मजूर होता. दुकानातून परत जाताना अंधारात वाट चुकला. पोलिसांची गाडी आली. त्यांनी मुकादमाला बोलावून घेतले आणि ओळख पटवली. रात्री एक वाजता तो मजूर आपल्या खोपीकडे गेला. जाताना त्याने ताईंना हात जोडले. पोरे काठ्या पाठीमागे धरून मान खाली घालून उभी होती. त्यांच्या शेजारीच आम्ही होतो.

चार दिवसांनी पोलीस ठाण्याचे फौजदार आले. देवळापुढे सतरंज्या अंथरल्या. बायामाणसे बसली. फौजदारांनी आधी एक घडलेली गोष्ट सांगितली. ती अशी.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तिथे आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरली होती. बाजारात पाच अनोळखी माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लोकांना संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण मेले. मुले पळवणारी टोळी नव्हतीच.

फौजदार म्हणाले, "त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. मंगळवेढा कुठं आहे? सोलापूर जिल्ह्यात, आपल्या शेजारी. म्हणजे मेले ते आपल्याच वाटेवरचे लोक."

सभा एकदम गप्प झाली.

मग त्यांनी अफवा कशी तयार होते ते सांगितले. त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण एक मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ती चित्रफीत होती पाकिस्तानातल्या कराची शहराची. लोकांनी मुलांची काळजी घ्यावी म्हणून मुद्दाम तयार केलेली. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून देतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा खरा म्हणून गावोगाव फिरला आणि माणसे खवळली.

वाचक मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकता आहात. वाचणे म्हणजे नुसती अक्षरे जुळवणे नव्हे. निरोप आला की त्याला चार प्रश्न विचारा. कुणी पाठवला? कोणत्या गावची गोष्ट? कोणत्या तारखेची? पाठवणाऱ्याने स्वतः पाहिले काय? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो निरोप पुढे पाठवू नका.

ड्रोनविषयी फौजदार म्हणाले, "ड्रोन दिसला म्हणजे चोर आला, असं नाही. गावठाणाची मोजणी ड्रोननं झालीय. ती २०२० ची स्वामित्व योजना. उसावर औषधही ड्रोननं मारतात. लग्नातले फोटो काढतात. मात्र ड्रोन उडवायला २०२१ सालापासून सरकारी नियम आहेत. रात्री कुणी घरांवर उडवत असेल, तर आम्हांला कळवा. वेळ सांगा, कोणत्या दिशेनं गेला ते सांगा. दगड मारू नका आणि भिऊही नका."

तेव्हा मागून एक आजी उठल्या. "साहेब, समदं खरं. पर धरला त्यो खराच चोर निघाला तर? त्याला काय ओवाळायचा का?"

सगळे हसले. फौजदारही हसले. पण उत्तर त्यांनी नीट दिले. डोळ्यांदेखत चोरी करणाऱ्याला साध्या माणसानेही धरावे, अशी कायद्यात सोय आहे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. त्याचे नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. धरलेल्या माणसाला उगाच उशीर न लावता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांकडे द्यावे असे त्यात लिहिले आहे. धरण्याची मुभा आहे, मारण्याची नाही. जमावाने माणूस मारला, तर त्या जमावात सामील असलेला प्रत्येक जण खुनाच्या खटल्यात सापडू शकतो. "सगळ्यांनी मारला" असे म्हणून कुणी सुटत नाही.

मग पहारा कसा द्यावा? फौजदारांनी सांगितले ते आम्ही वहीत उतरून घेतले.

१. गावात ग्रामसुरक्षा दल करावे. त्यात कोण आहे, त्यांची नावे पोलीस ठाण्यात द्यावीत. एकट्याने फिरू नये. चार-पाच जणांनी मिळून फिरावे.

२. बरोबर विजेरी आणि शिट्टी ठेवावी. शिट्टी ऐकून गाव जागा होतो, आणि चोर बहुधा तिथूनच पळतो.

३. अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारावे, कुठून आलात, कुणाकडे जायचे? ऊसतोडीच्या दिवसांत परजिल्ह्यातल्या टोळ्या येतात. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला शहरातले लोक येतात. अनोळखी म्हणजे चोर नव्हे.

४. गडबड दिसली तर ११२ ला फोन करावा. हा फोन आपल्या ठाण्यात लागत नाही. तो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो. तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. तिथल्या माणसाला आपले देऊळ, आपला ओढा ठाऊक नसतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची मोठी खूण सांगावी. काय घडले, किती माणसे आहेत, गाडीचा क्रमांक काय, हेही सांगावे. सांगून होईपर्यंत फोन ठेवू नये.

५. घर बंद करून जाताना शेजाऱ्याला सांगावे. विहिरीवरच्या मोटारीवर आपली खूण कोरून ठेवावी. "दागिने उजळून देतो," असे म्हणत दारात येणाऱ्याच्या हाती सोने देऊ नये.

६. फोनवर कुणी पोलीस म्हणून दटावू लागला, "तुम्हांला अटक झाली आहे, पैसे भरा," तर फोन ठेवून द्यावा. पोलीस फोनवरून कुणाला अटक करीत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

या साऱ्यांत एक धागा आहे, तो आमच्या ध्यानात आला. अफवा काय, फोनवरचा ठग काय, दोघेही आपल्याला आधी भेवडावतात आणि मग घाई करायला लावतात. भेदरलेला माणूस विचारायचे विसरतो. आमच्या ताईंनी त्या रात्री फार मोठे काय केले? घाई थांबवली, फोन लावला, पाणी दिले. तेवढ्याने एक जीव वाचला आणि गावची पाच-सहा पोरे तुरुंगाच्या वाटेवरून मागे फिरली.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे काठीला कळत नाही. ते विचारावे लागते.

आमच्या गावात पहारा अजून चालू आहे. पोरांच्या गळ्यात शिट्ट्या आहेत. गुरुवारी रात्री पाळी आमची असते. वय झाले, पळवत नाही. पण "कुठले पाहुणे, पाव्हणं? वाट चुकलात काय?" एवढे विचारायला पाय लागत नाहीत.

आता सांगा
१. मजुराला लोकांनी चोर का समजले?
२. राईनपाड्याला काय घडले? कशामुळे घडले?
३. मोबाइलवर निरोप आला तर कोणते चार प्रश्न विचाराल?
४. ११२ ला फोन केल्यावर काय काय सांगाल? तुमच्या गावचा पत्ता मोठी खूण देऊन वहीत लिहा.