धीर देणाऱ्यांना धीर कोण देतो?

१० मार्च हा सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. योगायोग असा की, याच तारखेच्या आदल्या दिवशी, ९ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच आढळले. त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. पुढच्या काळात परिचारिकांच्या शरीराला पडलेले कष्ट सर्वांनी पाहिले. त्यांच्या मनाचे काय झाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. माझी आई एका रुग्णालयात आया आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कोरोना आला त्या वर्षी मी नववीत होते. रात्रपाळी करून आली की आई दाराबाहेरच कपडे बादलीत टाकी. आम्हांला जवळ येऊ देत नसे. वॉर्डातल्या सिस्टरांविषयी मात्र लांबूनच सांगे. "सिस्टर रडत न्हाईत का गं?" मी एकदा विचारले. ती म्हणाली, "रडून कसं चालंल? चष्म्यावर वाफ धरती. अन् किटात हात घालून पुसताबी येत न्हाई."

समाजशास्त्राच्या तासाला 'भावनिक श्रम' ही संज्ञा ऐकली तेव्हा हे वाक्य आठवले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासातून ती मांडली. स्वतःची भावना आवरून समोरच्याला हवी ती भावना दाखवणे, हाही कामाचाच भाग असतो; पण तो कुठल्या हजेरीपटात लिहिला जात नाही. परिचारिकेला तर तोंड झाकलेले असताना हे करायचे होते. हसू दिसत नाही, म्हणून डोळ्यांनी आणि आवाजाने धीर द्यायचा. मार्च २०२० च्या अखेरीस पंतप्रधानांनी नायडू रुग्णालयातील परिचारिका छाया जगताप यांना दूरध्वनी केला. घाबरलेल्या रुग्णांशी बोलून आपण त्यांना धीर देतो, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. औषधाइतकेच हेही काम होते.

मग त्या स्वतः कशा सावरत? आईच्या सांगण्यावरून तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, कामाचा क्रम. ताप, नाडी, ऑक्सिजन यांच्या नोंदी ठरल्या वेळी करायच्याच असल्याने मनाला भरकटायला जागा उरत नसे. दुसरी, सोबत. किट उतरवल्यावर दोघी-तिघी चहा घेत बसत. जे घरी सांगता येत नसे ते तिथे बोलले जाई. तिसरी, बरा होऊन घरी जाणारा रुग्ण. त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना त्या स्वतःलाही उभारी देत असत.

परंतु क्रम मोडला की काय होई? एका आजोबांच्या कानाशी सिस्टरांनी मोबाइल धरला होता. पलीकडे त्यांची लेक बोलत होती. बोलणे संपायच्या आत आजोबा गेले. सिस्टरांनी लेकीला ते सांगितले, वेळ नोंदवली आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. त्या दिवशी चहाला मात्र त्या आल्या नाहीत.

आपण त्यांना देवी म्हटले, योद्धा म्हटले, थाळ्या वाजवल्या. यात प्रेम होते, हे नाकारता येणार नाही. पण देवीला थकवा येत नाही आणि योद्ध्याने रडायचे नसते, अशी आपली समजूत असते. त्यामुळे गौरव झाला, पण थकण्याची मोकळीक गेली. पुरेसे मनुष्यबळ, सक्तीची विश्रांती आणि मन मोकळे करण्यास हक्काची जागा, या गोष्टी टाळ्यांनी मिळत नाहीत. त्यांची व्यवस्थाच करावी लागते आणि ती साथ येण्यापूर्वी करावी लागते.

दोष दुसऱ्यांनाच का द्यावा? त्या दिवसांत आई आली की मी विचारी, "आज किती गेले?" तुला कसं वाटतंय, हे कधी विचारले नाही. हा लेख लिहिताना विचारले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत्ता इचारतीस व्हय?" आणि मग बराच वेळ बोलत राहिली.