पृच्छा मांडताना : ‘आणि’ व ‘अथवा’ यांतील भेद

संगणकात माहिती साठविणे व तीतून हवी तेवढीच माहिती काढणे ही दोन निरनिराळी कामे होत. दुसऱ्या कामासाठी पृच्छा, म्हणजेच क्वेरी, मांडावी लागते. ती मांडताना घडणाऱ्या चुका येथे उदाहरणाने पाहू.

गोमंतकात ‘एक-चौदा’चा उतारा सर्वपरिचित आहे. कूळ कायद्यातील १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास मालकीचा मार्ग खुला झाल्यापासून त्यातील कुळाच्या नोंदीस विशेष महत्त्व आले. समजा, अशा उताऱ्यांवरून आपण ‘ॲक्सेस’मध्ये तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक व कूळ या रकान्यांचा तक्ता केला आहे, आणि “पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कुळांची यादी द्यावी” अशी मागणी आली आहे.

बोलण्यातला ‘आणि’ निकषात ‘अँड’ म्हणून उतरविल्यास यादी कोरी येईल. कारण यंत्र एका वेळी एकच नोंद तपासते. मांद्रे येथील जमीन पेडण्यात, मये येथील डिचोलीत. दोन्ही तालुक्यांत असलेली नोंद मिळणार कोठून? येथे ‘ऑर’, म्हणजे अथवा, हवा.

निकषांच्या चौकटीत एका ओळीतील अटी ‘अँड’ने, तर निरनिराळ्या ओळींतील अटी ‘ऑर’ने जोडल्या जातात. म्हणून पहिल्या ओळीत पेडणे व दुसऱ्या ओळीत डिचोली लिहावे आणि ‘कुळाचा रकाना रिक्त नसावा’ ही अट दोन्ही ओळींत लिहावी. ती दुसऱ्या ओळीत राहून गेल्यास डिचोलीतील कूळ नसलेल्या जमिनीही यादीत शिरतील.

रिक्त रकान्याचा अर्थ ‘कूळ नाही’ असाच होतो, असे मानू नये; नोंद भरावयाची राहिलेली असू शकते. अशा नोंदी ‘इज नल’ या निकषाने वेगळ्या काढून मूळ उताऱ्यांशी ताडून पाहाव्यात. तसेच एकाच तालुक्याचे नाव कोठे ‘डिचोली’, कोठे ‘बिचोली’ असे लिहिले असल्यास यंत्र ती दोन नावे समजते.

शेवटी दोन्ही तालुक्यांच्या पृच्छा स्वतंत्रपणे चालवून त्यांची बेरीज एकत्रित यादीशी जुळते का, हे पाहावे. यादीतून गळलेली एक ओळ म्हणजे एखाद्या कुटुंबाची शेतजमीन असू शकते. ग्रामस्थांनीही आपले नाव यादीत न आढळल्यास उतारा दाखवून फेरतपासणी मागावी.