गोंगाट नव्हे, खर्ज!

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीत पाळीने काम करतो. हेवी मेटल आणि चाकोरीबाहेरचे सिनेमे, दोन्हींचा नाद आहे. नवख्या मित्राला सुरुवातीला काय सुचवू?
– एक वाचक, चिंचणी

उत्तर : 'ब्लॅक सॅबथ'चा १९७० चा पहिला अल्बम द्या. कारखान्यात राबणाऱ्याला तो लवकर भिडतो. गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पुढे तारा सैल केल्या. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज यातूनच घडला. बँडचं नावही मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या भयपटावरून घेतलेलं. म्हणजे तुमचे दोन्ही नाद जुने सोयरेच!

आपल्याकडचं हवं तर मुंबईच्या 'स्क्राइब'चा 'मार्क ऑफ तेजा' (२०१०). हा तेजा 'अंदाज अपना अपना'तला. बँडचा बेसवादक श्रीनिवास सुंदरराजन याने 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' हा सिनेमा किरकोळ पैशांत काढला. तोही बघा.

कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) मात्र पहिल्याच बैठकीला नको. माझा लाडका आहे, पण गोष्ट शोधणारा अर्ध्यातून उठतो. चित्रपटगृहात यायलाच त्याला २०१४ उजाडलं! त्याआधी 'घाशीराम कोतवाल' (१९७६) दाखवा : भाषा मराठी, नाटक ओळखीचं. तो पचला, तर मित्र तुमचाच.