शर्टाची गुंडी आणि विशेष शिक्षणाची पदवी

प्रश्न : मी घोडबंदर गावात राहते. बारा वर्षांपूर्वी बी.ए. झाले, नंतर घरच्या व्यापात शिक्षण तिथेच थांबलं. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. शर्टाची गुंडी लावायला शिकवताना तीन महिने गेले, पण तो शिकला. तेव्हापासून वाटतंय की हे काम आपण रीतसर शिकावं. रोज कॉलेजला जाणं मला जमणार नाही. मोबाइलवर ‘घरबसल्या तीन महिन्यांत विशेष शिक्षक व्हा’ अशा जाहिराती दिसतात. विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून खरंच विशेष शिक्षिका होता येतं का? सुरुवात कुठून करू?
— एक आई, घोडबंदर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कुठलं प्रमाणपत्र चालतं, घरी बसून किती शिकता येतं आणि पहिलं पाऊल कोणतं. एकेक करून सोडवू.

आधी जाहिरातीचं पाहू. आपल्याकडे विशेष शिक्षक कोणाला म्हणायचं, हे कायद्याने ठरलेलं आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ साली झाला. या परिषदेला सगळे ‘आरसीआय’ म्हणूनच ओळखतात. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम तीच ठरवते, संस्थांना मान्यता तीच देते आणि शिकून बाहेर पडलेल्यांची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत तीच करते. या नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. म्हणून एखाद्या छोट्या अभ्यासक्रमातून तुम्हाला माहिती मिळेल, तुमच्या मुलासाठी उपयोगही होईल. पण परिषदेची मान्यता नसेल, तर त्या प्रमाणपत्रावर विशेष शिक्षिका म्हणून नोंदणी होणार नाही. जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी पहिला प्रश्न हाच विचारा : आरसीआयची मान्यता आहे का?

दुसरी गाठ ‘ऑनलाइन’ या शब्दाची आहे. बोलताना आपण ऑनलाइन आणि दूरशिक्षण हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे आणि तुमची वाट दूरशिक्षणाची आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. तिथल्या दूरशिक्षणात पुस्तकं तुम्हाला दिली जातात, अभ्यास तुम्ही स्वतः करता आणि स्वाध्याय लिहून देता. मात्र अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं असतात. तिथे शिकवणाऱ्याला समंत्रक म्हणतात. परिषदेच्या आखणीप्रमाणे विशेष शिक्षणाची बी.एड. दूरशिक्षणाने अडीच वर्षांची, म्हणजे पाच सत्रांची असते. तिच्यात सराव पाठ, प्रात्यक्षिकं आणि शाळेतली आंतरवासिता आहे. त्यासाठी प्रत्यक्ष शाळेत जावं लागतं. म्हणजे रोज कॉलेज नाही हे खरं, पण सगळं घरबसल्या आहे असंही नाही.

कुणाला वाटेल, प्रात्यक्षिक व्हिडिओवर पाहिलं तर काय बिघडतं? याचं उत्तर तुमच्या गुंडीतच आहे. गुंडी लावणं म्हणजे एक काम नव्हे. गुंडी चिमटीत धरायची, काज शोधायचं, गुंडी कडेने आत ढकलायची, दुसऱ्या हाताने ती पलीकडून पकडायची आणि ओढून घ्यायची, अशा पाच कृती त्यात आहेत. विशेष शिक्षणात याला कार्यविश्लेषण म्हणतात. पुष्कळदा शिकवणं शेवटच्या कृतीपासून सुरू करतात. पहिल्या चार आपण करून द्यायच्या आणि शेवटची, ओढून घेण्याची, मुलाला करू द्यायची. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे करतो. मग एकेक पायरी मागे जायचं. एवढं पुस्तकातून समजतं. पण मुलाच्या हातावरचा आपला हात नेमका कधी सैल करायचा, हे मूल समोर असल्याशिवाय कळत नाही. घाईने सोडला तर मूल गोंधळतं आणि उशिरा सोडला तर त्याला आपल्या हाताचीच सवय लागते. हा अंदाज यावा म्हणून जाणत्या शिक्षकाने शेजारी बसून तुमचा पाठ पाहावा लागतो. दूरशिक्षणात अंतर असतं ते विद्यापीठापासून. मुलापासून ते असून चालत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे विशेष शिक्षक सर्व मुलांना शिकवू शकतो हा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. कर्णबधिर मुलाला भाषा देण्याची पद्धत आणि अंध मुलाला ब्रेल शिकवण्याची पद्धत यांत फार अंतर आहे. त्यामुळे प्रवेश घेतानाच एक विशेषीकरण निवडावं लागतं. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता अशी ही क्षेत्रं आहेत. २००७ सालच्या ‘तारे ज़मीन पर’ या चित्रपटामुळे अध्ययन अक्षमता घराघरांत कळली, पण तेवढंच म्हणजे विशेष शिक्षण अशी समजूतही अनेकांची झाली. तुमचा अनुभव बौद्धिक अक्षमतेचा आहे. तेच विशेषीकरण घेतलंत तर वाचलेलं लगेच ओळखीचं वाटेल. मात्र प्रत्येक केंद्रावर प्रत्येक विशेषीकरण नसतं, म्हणून केंद्र ठरवण्याआधी हे पाहा.

एखादी शेजारीण सांगेल, ‘मुक्त विद्यापीठाची बी.एड. नोकरीतल्या शिक्षकांनाच करता येते.’ तिचं म्हणणं सर्वसाधारण बी.एड.बद्दल बरोबर आहे. ती प्रशिक्षण घेतलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. विशेष शिक्षणाच्या बी.एड.चे नियम पुनर्वास परिषदेचे आहेत, त्यामुळे ते वेगळे आहेत. पदवीला साधारणपणे किमान ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना सवलत असते. बाकीच्या अटी त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत पाहायच्या. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतला असेल, तरी तिच्या वेळच्या नियमांवर विसंबू नका. ज्यांचं शिक्षण बारावीपर्यंत झालंय त्यांच्यासाठी विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे.

‘मी आई आहे, एवढा अनुभव पुरे नाही का?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या पत्रातून तो जाणवतो. मुंबईतल्या विशेष शिक्षणाचा इतिहास आयांनीच घडवला आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, ती एका आईला आपल्या मुलीसाठी शाळा हवी होती म्हणून. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी होती. अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, पण त्याआधी इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. आईला एक मूल अंतर्बाह्य ठाऊक असतं. शिक्षिकेसमोर दहा मुलं येतात आणि दहांचे दहा मार्ग असतात. आईपणाने धीर येतो, प्रशिक्षणाने पद्धत येते. मुलांना दोन्ही लागतं.

आता सुरुवात. सगळ्यांत आधी एका विशेष शाळेची परवानगी काढून चार-पाच सकाळी वर्गात नुसतं बसा. हे काम आपल्याला झेपेल का आणि आवडेल का, हे तिथे कळेल. त्याच काळात केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या शिक्षणमंचावर समावेशक शिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम करून पाहा. तिथे शिकणं विनामूल्य आहे. बारा वर्षांनी पुन्हा वाचायला बसण्याची सवय होईल आणि मुलगा झोपल्यावर रोज एक तास निघतो का, हेही समजेल.

मग परिषदेच्या संकेतस्थळावर चार गोष्टी ताडून पाहा : विद्यापीठ, अभ्यासकेंद्र, विशेषीकरण आणि चालू शैक्षणिक वर्ष. मान्यता या चारही गोष्टींना लागते. विद्यापीठ नामांकित आहे, पण त्या केंद्राला या वर्षाची मान्यता नाही, असंही घडू शकतं. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा (डीईबी) क्रमांक आणि शैक्षणिक श्रेयांक बँकेचा क्रमांक लागतो. दोन्ही ऑनलाइन काढता येतात. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, हे आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथेच अडतात.

केंद्र निवडताना प्रवासाचा विचार माहितीपुस्तिकेइतकाच गांभीर्याने करा. तुम्हाला दोन दिशा आहेत. एक मीरा रोड स्टेशनवरून पश्चिम रेल्वेने मुंबईकडे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग वाक्-श्रवण राष्ट्रीय संस्था आहे आणि जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे. तिथे चौकशीला जरूर जा, योग्य माणसं भेटतील. दुसरी दिशा घोडबंदर रस्त्याने ठाण्याची. पण गायमुख घाटात वाहनं अडली की वेळेचा भरवसा उरत नाही. आंतरवासितेत सकाळी शाळा भरायच्या आत पोचावं लागतं, म्हणून नकाशावरचं अंतर न मोजता सकाळच्या वेळी एकदा प्रत्यक्ष जाऊन या.

शिकून काम मिळेल का? गरज तर मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर केंद्राने २०२२ साली प्रमाण ठरवलं : प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरांमागे एक. पदं भरायला वेळ लागतो, भरती अनेकदा कंत्राटी असते, हेही माहीत असू द्या. पण आरसीआयची नोंदणी हातात असली, तर विशेष शाळा, साधारण शाळेतला समावेशक वर्ग आणि उपचार केंद्रं अशी तिन्ही दारं तुमच्यासाठी उघडतात.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर एक काम आज रात्रीच करा. वही घ्या आणि गुंडीचे ते तीन महिने आठवतील तसे लिहून काढा. पहिल्या दिवशी त्याने काय केलं, तो कुठे अडला, तुम्ही काय बदललंत, हात कधी सोडलात. अभ्यासक्रमात तुम्हाला एकेका मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहायला सांगतील. पहिला आराखडा तुम्ही नाव न देता घरीच पूर्ण केला आहे. आता दुसऱ्याच्या मुलासाठी तो कसा लिहायचा, हे शिकायचं आहे.