अडलेली बाळंतीण आणि ज्यू धर्मशास्त्र



प्रसूतिशास्त्र शिकू लागलेल्या माझ्या भाचीला गर्भात जीव केव्हापासून मानावा, हा प्रश्न पहिल्याने पडणे स्वाभाविक आहे. परंतु हलाखा, म्हणजे ज्यूंचे आचारविषयक धर्मशास्त्र, आपल्या विचाराचा आरंभ अडलेल्या बाळंतिणीपासून करते, हे तिने आधी ध्यानात घ्यावे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या विधिसंग्रहाचा निर्णय असा की, प्रसूती अडून मातेचे प्राण संकटात आले तर गर्भ छेदून बाहेर काढावा, मात्र त्याचा बहुतांश भाग बाहेर आल्यावर त्याला हात लावू नये, कारण एका जिवासाठी दुसरा जीव घेता येत नाही.

या निर्णयाची कारणे भाष्यकारांनी वेगवेगळी दिली, आणि खरा अभ्यास तेथेच आहे. भाष्यकार राशी यांच्या मते जन्मापूर्वी गर्भाला पूर्ण व्यक्तीचा दर्जा नसतो. स्वतः वैद्य असलेल्या मायमोनिडीस यांच्या मते तो अशा वेळी ‘रोदेफ’, म्हणजे जिवावर उठून पाठलाग करणाऱ्यासारखा, ठरतो. पहिले कारण धरल्यास इतर गंभीर कारणांनाही वाव मिळतो, दुसरे काटेकोरपणे धरल्यास मुभा प्राणसंकटापुरतीच उरते.

विसाव्या शतकात टे-सॅक्स या आनुवंशिक रोगाने हा भेद तीव्र केला. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या, ज्यूंमध्ये अधिक आढळणाऱ्या या रोगात निरोगी दिसणारे बाळ काही महिन्यांनी खंगू लागते आणि बहुधा बालपणीच दगावते. जेरुसलेमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी अशा गर्भाचा पात सातव्या महिन्यापर्यंत अनुज्ञेय ठरवला, तर न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी त्याला निक्षून विरोध केला. मातेच्या मानसिक यातनेला शारीरिक वेदनेइतकेच वजन देणारी वाल्डेनबर्ग यांची दृष्टी अधिक करुणामय आहे. तरीही गर्भहत्येविषयीची फाइनस्टाइन यांची धास्ती निव्वळ कठोरपणा समजून भाचीने दूर सारू नये.

अशी वेळच येऊ नये म्हणून, टे-सॅक्समुळे चार अपत्ये गमावलेले रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही विवाहपूर्व तपासणीची व्यवस्था उभारली. तिच्यात कोणालाही स्वतःच्या जनुकदोषाचा निकाल न सांगता केवळ नियोजित जोडी सुरक्षित आहे की नाही एवढेच कळवले जाते, म्हणून कोणाच्या माथी कलंक बसत नाही. रुग्णाच्या जाणून घेण्याच्या हक्काशी हे मौन कितपत जुळते, याचा विचार भाचीने पुढील पत्रात सविस्तर मांडावा.