घरातील निरोप : विजेच्या तारेने की बिनतारी?

एकलहरे येथील औष्णिक विद्युत्केंद्राच्या बाजूने जाताना उच्च दाबाच्या तारांचे मनोरे आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेच असतील. अशा तारांवरून केवळ वीज वाहत नाही, कित्येक ठिकाणी निरोपही वाहतात, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. मोठ्या उपकेंद्रांत तार जेथे आत शिरते, तेथे पुष्कळदा पिंपाएवढे एक जाड वेटोळे टांगलेले दिसते. वीज सेकंदास 50 आवर्तने करते. त्याच तारेवर सेकंदास काही दशसहस्र ते काही लक्ष कंपने करणारी दुसरी लहर सोडून एक उपकेंद्र दुसऱ्यास निरोप कळविते. वेटोळे विजेस वाट देते व त्या सूक्ष्म लहरीस अडविते. जाळ्याने पाणी जाऊ द्यावे आणि मासे धरावे, तसाच हा प्रकार होय.

बिनतारी संदेशाशीही आपल्या प्रांताचा परिचय जुना आहे. 1927 साली इंग्लंडशी बिनतारी व्यवहार सुरू झाला, तेव्हा प्रक्षेपक यंत्र खडकीस आणि ग्राहक यंत्र दौंडास होते.

आता हे दोन्ही मार्ग घराच्या उंबरठ्याच्या आत आले आहेत. अंथरुणावरून दिवा मालवणे, गच्चीवरची टाकी भरताच पंप बंद करणे, अशी कामे यंत्रांकडून करवून घेता येतात. यंत्रास आज्ञा पोहोचवावी कशी, हा प्रश्न नवे घर बांधणाऱ्या किंवा जुने दुरुस्त करणाऱ्या पालकांपुढे येतोच, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहो.

विजेच्या तारेचा मोह स्वाभाविक आहे. तार प्रत्येक खोलीत आधीच गेलेली असते. 1975 साली स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स ह्या संस्थेने ‘एक्स-10’ नावाची पद्धत ह्याच तत्त्वावर बसविली. विजेचा दाब प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणजे आपल्याकडे सेकंदास शंभर वेळा. त्या शांत क्षणी सेकंदास 1,20,000 कंपनांची एक लहानशी लहर सोडावयाची. लहर आली तर एक खूण, न आली तर दुसरी, आणि अशा खुणांची मालिका म्हणजे आज्ञा. ही रीत मोठी चतुर खरी, परंतु मंद. एक आज्ञा पुरी होण्यास जवळजवळ एक सेकंद लागतो.

मंदपणा सोसता येईल. खरी अडचण ही की, घरातली तार म्हणजे निवांत रस्ता नव्हे. मिक्सर, पंखा, मोबाइलचा चार्जर, स्वस्त एलईडी दिवा, सर्वजण तीवर आपापला गोंगाट करीत असतात, आणि काही उपकरणे तर निरोपाची लहरच गिळून टाकतात. शिवाय मोठ्या घरात वीज तीन फेजांनी येते. स्वयंपाकघर एका फेजवर आणि माडी दुसऱ्या फेजवर असली, तर त्यांस जोडणारे साधन बसविल्यावाचून निरोप माडीवर पोहोचेलच असा नेम नाही. उलट तो शेजाऱ्याकडे मात्र पोहोचू शकतो! एक्स-10 मध्ये घरांसाठी सोळाच अक्षरे आहेत; शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले, तर त्याच्या बटणाने आपला दिवा लागावयाचा. पुढे निघालेल्या पद्धतींनी वेग पुष्कळ वाढविला व गुप्ततेची तजवीजही केली. गोंगाट मात्र तारेवर आहेच.

बिनतारी यंत्रास भिंत फोडावी लागत नाही. वाय-फाय आणि झिगबी ह्या दोन्ही पद्धती बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. ह्या लहरीची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर. पातळ भिंतीतून ती सुखाने जाते. परंतु जुन्या नाशकातील एखाद्या वाड्याच्या हातभर जाडीच्या भिंतीपुढे तिचा जोर ओसरतो. त्यावर झिगबीने तोड काढली ती अशी की, विजेवर चालणारे प्रत्येक उपकरण निरोप ऐकून पुढच्यास सांगते. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टाही परवान्यावाचून मोकळा आहे. त्या लांब लहरी भिंतीतून अधिक सहज जातात. आमच्या मते साध्या सदनिकेस बिनतारी मार्गच सोयीचा, आणि जाड भिंतींच्या वाड्यास, सर्व खोल्या एकाच फेजवर असतील तर, तारेचा मार्ग अवश्य पाहावा.

घराबाहेर पाऊल टाकताच तारेचा पक्ष लंगडा पडतो. निफाड-दिंडोरीकडील बागाइतदारास पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळत आली आहे, आणि काळोखात विहिरीवर जाणे म्हणजे साप व बिबट्या यांच्याशी गाठ. घर एका रोहित्रावर व पंप दुसऱ्यावर असेल, तर तारेवरचा निरोप मध्येच थांबतो, कारण ती सूक्ष्म लहर रोहित्र सहसा ओलांडीत नाही. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र काढले, त्याने मोबाइलवरून पंप चालू-बंद करता येतो. 2009 साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्यास पारितोषिकही मिळाले.

एका बाबतीत आम्हांस शंका वाटत नाही. आजारी आजीच्या उशाशी ठेवावयाचे घंटेचे बटण एक्स-10 सारख्या तारेच्या पद्धतीवर कधीही ठेवू नये. वीज गेली की शून्याचे ते शंभर क्षणही गेले, आणि निरोप पाठविण्यास वेळच उरत नाही. तेथे बटणही बॅटरीवरचे हवे आणि घंटाही बॅटरीवरची, दोन्ही बिनतारी. आणि ती बॅटरी दर महिन्यास तपासण्याचे काम घरातील एखाद्या विद्यार्थ्याकडे द्यावे.